पेज फॉल्ट नको, जीपी दे

अरे बाबा, आपल्या x86-64 व्हर्च्युअल मशीनच्या इम्युलेटरमध्ये मेमरीचा अ‍ॅड्रेस वाकडा दिसला की लगेच पेज फॉल्ट (मेमरीचं पान मिळालं नाही किंवा परवानगी नाही, ही चूक) टाकून मोकळा होऊ नको. ४८ बिटांच्या हिशोबात ४७ ते ६३ ही सगळी बिटं सारखी नसतील तर पेज टेबलपर्यंत (कुठलं पान मेमरीत कुठे आहे तो तक्ता) जायचंच नाही, गेस्टला (व्हर्च्युअल मशीनमध्ये चालणाऱ्या सिस्टिमला) सरळ जीपी, म्हणजे जनरल प्रोटेक्शन फॉल्ट द्यायचा, एरर कोड ०, आणि अ‍ॅक्सेस स्टॅक सेगमेंटमधनं असेल तर एसएस, म्हणजे स्टॅकचा फॉल्ट, हे हमखास विसरतात लोक. सीआर२ ला, म्हणजे पेज फॉल्टचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरला, हात लावायचा नाही. ५७ बिटं धरायची की ४८ ते गेस्टच्या सीआर४ या कंट्रोल रजिस्टरमधनं बघ, होस्टच्या (बाहेरच्या खऱ्या मशीनच्या) नव्हे. पानाची कॅशमधली नोंद पुसणाऱ्या इन्व्हीएलपीजी इन्स्ट्रक्शनला मात्र असला अ‍ॅड्रेस दिला तरी काहीच होत नाही, तिथे उगाच फॉल्ट घालू नको. रविवारी म्हापशाला येतोयस ना, ४७वं बिट १ नि वरची सगळी ० अशी टेस्ट लिहू, लॅपटॉप चार्ज करून आण, पावसात लाइटीचा भरवसा नाय.