तापात आकडी आली म्हणजे मुलाला फेफरं आहे का?

तुमच्या दीड वर्षाच्या मुलाला १०२ ताप असताना अंगभर झटके आले, दोन मिनिटांत थांबले आणि तासाभरात तो खेळायला लागला. तुम्ही लिहिलंय त्यावरून ही तापातली साधी आकडी वाटते, फेफरं नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे. पावसाळ्यात ओपीडीत अशी मुलं नेहमीच येतात.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना अशी आकडी येते. या वयात मेंदू कच्चा असतो, चढता ताप काहींना सोसत नाही. हे बरेचदा घराण्यात असतं. आजीला विचारून बघा, बाबांचीही लहानपणची हकीकत निघेल कदाचित. ताप बहुधा साध्या विषाणूचाच असतो.

ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) आणि एमआरआयचं विचारलंत. झटके अंगभर होते, पंधरा मिनिटांच्या आत थांबले, चोवीस तासांत एकदाच आले आणि नंतर मूल नेहमीसारखं झालं, तर दोन्हींची गरज नाही. ईईजीत काहीतरी वेडंवाकडं दिसतं आणि गरज नसताना गोळ्या मागे लागतात. शोधायचं ते तापाचं कारण: कान, घसा, लघवी. मात्र मूल सुस्तच पडून राहिलं, मान ताठ झाली, टाळू फुगली किंवा उलट्या थांबेनात, तर मेंदूज्वराची शंका येते. तेव्हा घरी थांबायचं नाही.

साधारण तिघांतल्या एकाला आकडी पुन्हा येते, म्हणून हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मुलाला कुशीवर वळवा, कपडे सैल करा, घड्याळ बघा. दातखीळ बसली तरी तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून थांबते म्हणतात. अहो, ती तशीही दोन मिनिटांत थांबणारच होती! पाच मिनिटं उलटली तर थेट रुग्णालय गाठा. घरी ठेवायला मिडाझोलाम या आकडी थांबवणाऱ्या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे मिळतो, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कसा मारायचा ते तिथेच शिकून घ्या.

पॅरासिटामॉलने मुलाला बरं वाटतं, पण आकडी टळेलच असं नाही. त्यामुळे ‘औषध द्यायला उशीर झाला’ म्हणून कुणी कुणाला बोल लावू नये. डोस वजनावर ठरतो: किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. बाटली नीट वाचा. थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये बहुधा १०० मिलिग्रॅम असतात, तर सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५०. थेंबांचं औषध सिरपच्या मापाने पाजलं, तर डोस कितीतरी पट होतो.

पुढच्या लसी चुकवू नका. लसीनंतर ताप येऊ शकतो, म्हणून आकडीचा प्रकार तिथल्या नर्सताईंना आधी सांगा.