प्रश्न तुमचे, उत्तर माझं : सासरे, जावई आणि खाँसाहेब

प्रश्न : परवा टीव्हीवर 'अष्टविनायक' लागला होता. 'दाटून कंठ येतो' गाणारे मुलीचे वडील म्हणजे स्वतः वसंतराव देशपांडे, असं आमच्या सौ.चं म्हणणं. मी म्हणतो, आवाज त्यांचा, चेहरा दुसऱ्या कुणाचा. पैज लागली आहे. ते मुळात नट की गायक, हेही सांगावं.
– एक वाचक, सातारा

उत्तर : पैज हरलात. पडद्यावरही वसंतरावच आहेत. चित्रपट १९७९चा, नायक सचिन. म्हणजे नात्यानं वसंतराव सासरे, सचिन जावई. पुढे २०१५ साली 'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक पडद्यावर आलं, तेव्हा सासऱ्यांनी रंगभूमीवर गाजवलेले त्यातले गवई खाँसाहेब कुणी केले? याच जावयानं! आणि त्यांच्यासाठी गळा कुणाचा? वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. एवढा योगायोग एखाद्या लेखकानं नाटकात घातला असता, तर आपण नाकं मुरडली असती.

आता नट की गायक. मी नागपूरचा, तेव्हा माझं मत थोडं पक्षपाती धरा. वसंतरावांचा जन्म मुर्तिजापूरचा, लहानपण आमच्या नागपुरातलं. भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन'मध्ये त्यांनी कृष्ण केला तो १९३५ साली. पुढची कितीतरी वर्षं मात्र लष्कराच्या हिशेब खात्यात गेली. गाणं सुरूच होतं, पण कचेरी सांभाळून.

'कट्यार' आलं १९६७ला. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, म्हणजे पुन्हा आमचेच. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. मी मॅट्रिकला असताना बाबांनी प्रयोगाला नेलं होतं. बाबा स्वतः सरकारी कारकून. खाँसाहेबांच्या पहिल्याच टाळीच्या जागेला ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "अरे, याला एवढी रजा मंजूर कोण करतं?" नोकरी केव्हाच सुटली होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्या रात्रीचं एक मात्र डोक्यात पक्कं बसलंय. 'घेई छंद मकरंद' हे पद या नाटकात दोन चालींत येतं. एक पंडितजींच्या, म्हणजे खाँसाहेबांच्या प्रतिस्पर्धी गवयाच्या, घराण्याची, शांत, ठाय म्हणजे संथ लयीतली. दुसरी खाँसाहेबांची. शब्द तेच, पण ही दुसरी सुरू झाली आणि वसंतरावांची मान किंचित तिरपी झाली, डावी भुवई वर गेली. तान एका दमात खाली घरंगळत आली, शेवटच्या वळणावर भलतीकडेच वळली आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन आदळली. त्यात 'बघा, हे आमचं' असा माज होता. संवादात म्हटला असता तर भडक वाटला असता इतका. मग टाळ्या. त्या कडकडाटात त्यांनी प्रेक्षकांकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते तबल्याकडे, जणू भांडण त्याच्याशीच चाललंय.

म्हणून माझं उत्तर असं : ते तानेत अभिनय करत. कितीतरी संगीत नाटकांत पद आलं की पात्र बाजूला होतं आणि गवई पुढे येऊन मैफल सुरू करतो (रसिकांनाही तेच हवं असतं, वन्समोअर देणारे आम्हीच!). खाँसाहेब गाताना जास्तच खाँसाहेब होत. पंडितजींच्या चालीपुढे मनातून हरलेला, वरून ताठ राहिलेला माणूस त्या गाण्यातच दिसे.

'दाटून कंठ येतो'मध्ये हाच गळा उलटा वापरलाय. तिथं मुलगी सासरी निघालीय. एवढी तयारी असलेला माणूस, पण ताना जवळजवळ गाळून टाकतो. पुन्हा ऐकाल तेव्हा शब्दांच्या शेवटाकडे लक्ष ठेवा. सूर सुटत नाही, नुसता ओलसर होतो.

१९८२ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी, ३० जुलै १९८३ला, ते पुण्यात गेले. वय अवघं त्रेसष्ट. आमच्या घरी ती बातमी बाबांनीच वाचून दाखवली. मग चष्मा पुसत बराच वेळ तो पेपर मांडीवर तसाच धरून बसले.

पैज कसली होती ते तुम्ही लिहिलं नाहीत. जी असेल ती सौ.ना आजच्या आज देऊन टाका.