सासऱ्यांचं चित्र: आत्ता विकावं की थांबावं?

प्रश्न बडोद्याच्या कारेलीबागेतून आला आहे. वाचक ताई ६३ वर्षांच्या आहेत. यजमान चार वर्षांपूर्वी गेले, मुलगी पुण्यात असते. फॅमिली पेन्शन महिना १८ हजार, बँकेत २२ लाखांच्या ठेवी, आरोग्य विमा नाही. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले आहेत, खर्च साडेपाच-सहा लाख. घरात एक तैलचित्र आहे, साधारण दोन फूट बाय तीन फूट. सासरे शाळेत चित्रकला शिकवत. त्यांच्या एका चित्रकार मित्राने १९६४ साली दांडिया बाजारातल्या घराच्या वास्तुशांतीला ते भेट दिलं होतं. मुंबईच्या एका लिलावसंस्थेने फोटो पाहून १४ ते १८ लाखांचा अंदाज कळवला आहे. एक एजंट घरी येऊन ९ लाख देतो म्हणाला: दोन लाख चेकने, बाकी रोख. आणि पुतण्या म्हणतो, "काकू, हुसेनचं चित्र ११८ कोटींना गेलं. पाच वर्षं थांबा, आपलंही दुप्पट होईल."

ताई, चित्रकाराचं नाव तुम्ही कळवलं आहे, पण मी ते इथे देत नाही. असं चित्र कोणाच्या घरात आहे हे गावभर व्हायला नको. बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजच्या पहिल्या काही तुकड्यांपैकी ते आहेत आणि जाणकारांत त्यांना मान आहे, एवढं पुरे.

आधी पुतण्याच्या आकड्याकडे येऊ. आकडा खरा आहे. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्टीज या लिलावसंस्थेत हुसेन यांचं 'ग्राम यात्रा' सुमारे १३८ लाख डॉलरना, म्हणजे जवळपास ११८ कोटी रुपयांना गेलं. पाठोपाठ एप्रिलमध्ये तय्यब मेहतांचा १९५६ सालचा 'ट्रस्ड बुल' ६१.८ कोटींना आणि सप्टेंबरमध्ये गायतोंड्यांचं १९७० सालचं एक चित्र ६७ कोटींना विकलं गेलं. त्याच सप्टेंबरात चित्रांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. बाजारात आज भरवसा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण 'ग्राम यात्रा' काय चीज आहे ते पाहा. १९५४ सालचं, जवळजवळ चौदा फूट लांब, त्यात खेड्यातल्या जगण्याची तेरा छोटी दृश्यं. दिल्लीत डॉक्टरांना शिकवायला आलेल्या एका शल्यविशारदाने ते तेव्हाच घेतलं, पुढे ते नॉर्वेतल्या ऑस्लोच्या रुग्णालयाकडे गेलं आणि तिथे दशकानुदशकं भिंतीवर राहिलं. बाजाराने ते सत्तर वर्षं पाहिलेलंच नव्हतं. हुसेन यांचा त्याआधीचा विक्रम या किमतीच्या चौथ्या हिश्शाइतकाही नव्हता. म्हणजे हुसेन यांची सगळी चित्रं एका रात्रीत चौपट महाग झाली असं नाही. एकमेव अशी एक वस्तू विकायला आली आणि हट्टाला पेटलेले श्रीमंत बोली लावणारे समोरासमोर आले. विक्रम त्या वस्तूचा असतो. रुग्णालयाने ती विकली तीही डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी पैसा उभा करायला, हे पुतण्याला जरूर सांगा.

बडोद्याचा दाखला हवा असेल तर चित्रकार भूपेन खख्खर घ्या. ते आपल्याच गावात राहिले, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. त्यांचं 'टू मेन इन बनारस' २०१९ मध्ये लंडनला सुमारे पंचवीस लाख पाउंडांना गेलं. पण त्या विक्रमाने त्यांच्या पिढीतल्या बडोद्याच्या प्रत्येक चित्रकाराला वर ओढलं नाही. चित्रकार नसरीन मोहम्मदींनी फाइन आर्ट्समध्ये वर्षानुवर्षं शिकवलं, १९९० मध्ये त्या गेल्या, आणि जगातल्या मोठ्या संग्रहालयांनी त्यांची दखल घेतली ती त्यानंतर. कोणाची पाळी येईल आणि कधी येईल, हे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्या हाती तुमच्या ठेवी देऊ नका.

भरवसा उडाल्यावर काय होतं, तेही आपण पाहिलेलं आहे. २००२ मध्ये तय्यब मेहतांचं 'सेलिब्रेशन' दीड कोटीच्या आसपास गेलं, २००५ मध्ये त्यांचंच 'महिषासुर' दहा लाख डॉलर ओलांडून गेलं, आणि मग चित्रं म्हणजे शेअर अशी समजूत पसरली. चित्रांत पैसे गुंतवणारे फंड निघाले. शंभर कोटींहून जास्त रक्कम गोळा केलेल्या अशा एका फंडाच्या गुंतवणूकदारांना मुदत संपल्यावर पैशांसाठी ताटकळावं लागलं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने फेब्रुवारी २००८ मध्येच बजावलं होतं की असे फंड नोंदणीशिवाय चालवता येणार नाहीत. त्याच वर्षी जगाचा बाजार कोसळला. गायतोंडे, रझा, मेहता यांची उत्तम चित्रं पुढे सावरली आणि चढली. मधल्या फळीतल्या नावांना मात्र गिऱ्हाईकच उरलं नाही. मंदीत भाव कमी होतो असं आपण म्हणतो, पण चित्रांच्या बाबतीत पुष्कळदा भावच मिळत नाही, बोलीच येत नाही. तुमचं चित्र मधल्या फळीतलं आहे. म्हणून बाजार तेजीत असणं हे तुमच्यासाठी थांबायचं कारण नाही, विकायचं कारण आहे.

आता खरा हिशेब. समजा हातोडा १५ लाखांवर पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढ्याची लागली. खरेदीदार त्यावर साधारण वीस टक्के बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावसंस्थेची फी, भरतो, म्हणून निकालाच्या यादीत १८ लाख छापून येईल. ते तीन लाख तुमचे नव्हेत. तुमच्या १५ लाखांतून विक्रेत्याचं कमिशन जाईल. दहा टक्के धरलं तर दीड लाख आणि त्यावर जीएसटी २७ हजार. वाहतूक, फोटो, विमा मिळून २५ हजार धरू. राहिले १२ लाख ९८ हजार. कमिशनवर घासाघीस करता येते, संकोच करू नका.

मग कर. घरातली चित्रं म्हणजे वैयक्तिक वापराच्या वस्तू, त्यांना कर नाही, असा अनेकांचा समज आहे. २००७ च्या अर्थसंकल्पापासून तो खरा नाही. वारशाने आलेलं असल्यामुळे मुदत सासऱ्यांच्या काळापासून मोजली जाईल, म्हणजे नफा दीर्घ मुदतीचा आणि दर साडेबारा टक्के, महागाईची वजावट नाही. मात्र खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ ची बाजारभावाने किंमत धरता येते. ती नोंदणीकृत मूल्यांककाकडून लेखी घ्या. ती दीड लाख निघाली असं धरलं तर नफा ११ लाख ४८ हजार आणि सेससह कर दीड लाखाच्या जरा आत. हातात साडेअकरा लाख. यादीतल्या अठरा लाखांचे साडेअकरा झाले, हे आधीच मनाशी पक्कं असलेलं बरं.

पुतण्या म्हणतो तसं पाच वर्षं थांबलात तर? हेच पैसे सात टक्क्यांच्या ठेवीत पाच वर्षांत सुमारे चाळीस टक्के वाढतात. म्हणजे नुसती बरोबरी साधायची तरी हातोडा २१ लाखांवर पडायला हवा. शिवाय ती पाच वर्षं चित्र सांभाळणारे हात तुमचे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायटीत शिरलं तेव्हा तुम्ही शेजाऱ्याला हाक मारून, दुखऱ्या गुडघ्यांनी ते वरच्या मजल्यावर नेलंत, असं तुम्हीच लिहिलं आहे. त्या रात्री त्याचा विमा नव्हता. आजही नाही.

एजंटचे ९ लाख बाजूला ठेवा. कर चुकवून पूर्ण हातात पडतील, असं तो सुचवतो आहे. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. घेणाऱ्या तुम्ही असाल, तो नव्हे. आणि फोटो पाहून १४ लाखांपासून सुरू होणारा अंदाज आल्याचं त्याला कळलं की तो अकरावर येईल. तेव्हाही नको म्हणा.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही पण सगळं तिच्यावरच अडलं आहे. चित्र सासऱ्यांचं. त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. त्यांच्यामागे दोन मुलगे आणि इंदूरला दिलेली एक मुलगी. म्हणजे कायद्याने तीन सारखे हिस्से: एक धाकट्या दिरांचा, एक नणंदबाईंचा, आणि एक तुमच्या यजमानांचा, जो तुमचा आणि तुमच्या मुलीचा. चित्र चाळीस वर्षं तुमच्या भिंतीवर आहे, सासऱ्यांचं आजारपण तुम्ही काढलंत, हे सगळं मला कळतं. पण ताब्याने मालकी ठरत नाही, आणि कोणतीही धड लिलावसंस्था मालकीची लेखी हमी मागेल. यादी छापल्यावर कोणी हरकत घेतली तर चित्र मागे घ्यावं लागेल, आणि त्याचा खर्च तुमच्या माथी येईल.

साडेअकरा लाखांचे तीन हिस्से केले तर तुमच्या आणि मुलीच्या मिळून वाट्याला ३ लाख ८० हजारांच्या आसपास येतात. पुतण्या दिरांचा मुलगा, म्हणजे 'थांबा' म्हणताना तो नकळत का होईना हिस्सेदाराच्या घरातून बोलतो आहे. त्यात वाईट काही नाही. दिरांना पैशाची घाई नसेल, तुम्हाला गरज आहे. हे दोघांनी एकमेकांना उघड सांगायला हवं. तुम्ही दीर आणि नणंदबाई दोघांना एकाच मजकुराचं पत्र लिहा: लिलावसंस्थेचा अंदाज, वरचा हिशेब, तुमच्या शस्त्रक्रियेचा खर्च. ते स्वखुशीने हक्कसोड देणार असतील तर वकिलाकडून करून घ्या, नसतील तर तिघांच्या सहीचं संमतिपत्र करा आणि पैसे तीन खात्यांत वेगवेगळे जाऊ द्या. प्रत्येकाने आपल्या हिश्शाचा कर आपला भरावा. मुलीचीही सही घ्या, मुलगी आपलीच आहे म्हणून ती राहून जाते.

सह्या होईपर्यंत चित्राची कागदपत्रं जमवा. वास्तुशांतीचा एक फोटो आहे, ज्यात सासरे पाटावर बसले आहेत आणि मागे भिंतीवर हे चित्र दिसतं, असं तुम्ही लिहिता. तो फोटो जपा. चित्रकाराचं सासऱ्यांना आलेलं आंतरदेशीय पत्र, ज्यात 'तुझ्याकडच्या कॅनव्हासला ऊन लागू देऊ नकोस' असं वाक्य आहे, तेही त्याच पाकिटात ठेवा. बनावट चित्रांनी भरलेल्या बाजारात ही दोन कागदं तुमच्या अंदाजाचा खालचा आकडा टिकवून धरतील. चित्रामागे काही लिहिलं आहे असं सासरे म्हणत, पण तिथे तपकिरी कागद चिकटवलेला आहे. तो तुम्ही सोडवू नका, पुतण्यालाही सोडवू देऊ नका. चित्र-संवर्धन करणाऱ्या माणसाकडून सोडवून घ्या आणि त्याच वेळी कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्राच्या अवस्थेचा लेखी अहवाल, करून घ्या. नवी फ्रेम नको. उदबत्तीच्या धुराची काजळी ओल्या फडक्याने तर मुळीच पुसू नका.

लिलावसंस्थेशी बोलताना सगळ्यात महत्त्वाची रक्कम म्हणजे रिझर्व्ह, ज्याच्या खाली चित्र विकलं जाणार नाही. घरच्यांना वाटेल ती १६ लाख ठेवावी. माझं मत १२. रिझर्व्ह खाली असेल तर बोली लावणारे पुढे येतात, आणि दोघे आले की भाव आपोआप चढतो. उंच रिझर्व्हमुळे चित्र न विकता परत आलं तर ती नोंद त्याच्यासोबत राहते, आणि पुढच्या वेळी प्रत्येक खरेदीदार विचारतो, मागे का नाही गेलं? करार करताना आणखी तीन गोष्टी लेखी घ्या: न विकलं गेल्यास काय आकारणार, आपण मागे घेतल्यास काय, आणि विक्रीनंतर पैसे किती दिवसांत.

गुडघ्यांची तारीख मात्र या सगळ्याला बांधू नका. सह्या, मूल्यांकन, यादी, लिलाव आणि मग पैसे, यात सहा-आठ महिने सहज जातात. गुजरात सरकारच्या मोफत उपचारांच्या पीएमजेएवाय-मा कार्डात तुम्ही बसता का, हे रुग्णालयाच्या काउंटरवर आधी विचारा. नसाल तर ठेव मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेवीच्या तारणावरचं कर्ज, घ्या. बँका ठेवीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त लावतात, आणि समजा चार लाख घेतले तर त्यांवर सहा महिन्यांचं व्याज पंधरा-सोळा हजारांच्या घरात जाईल. चित्राचा हिस्सा आला की तो फेडा. शस्त्रक्रियेसाठी पावसाळ्यानंतरची तारीख घ्या आणि मुलीला रजा टाकायला आजच सांगा. पत्रं याच आठवड्यात टाका, दिरांचं आणि नणंदबाईंचं एकाच दिवशी.