बाईंडरचा थेंब पडतो कुठे?

प्रश्न : गोळ्यांसाठी औषधाच्या पावडरचे दाणे करताना आम्ही आरएमजीत (रॅपिड मिक्सर ग्रॅन्युलेटर, म्हणजे पावडर ढवळून दाणे करणारं यंत्र) बाईंडर म्हणून, म्हणजे कण चिकटवायला, स्टार्च पेस्ट झाकणातून एकदम ओततो आणि नंतर चॉपर (गुठळ्या फोडणारं छोटं पातं) लावतो. तरी सुकवल्यावर लम्प्सही (मोठ्या गुठळ्या) निघतात आणि फाइन्सही (दाणे न झालेली भुकटी). असं का?

उत्तर : चॉपर लागेपर्यंत उशीर झालेला असतो. भाजणीत पाणी एकदम ओतलं की गुठळ्या होतात, हबका मारत गेलं की पीठ सारखं भिजतं. इथेही तेच. लम्प्सनी अडवून ठेवलेलं बाईंडर फाइन्सना मिळालंच नाही.

थेंब पावडरवर पडला की कणांमधल्या पोकळीत शिरतो आणि त्याची एक ओली गाठ होते. ती गाठ खाली जाण्याआधी तिथेच दुसरा थेंब पडला तर दोन्ही जुळतात. म्हणून द्रव किती वेगानं येतो, थेंब केवढा आहे, तो किती रुंद जागेवर पडतो आणि खालची पावडर किती लवकर बदलते, हे सगळं एकत्र बघावं लागतं. जेम्स लिट्स्टर, करेन हॅपगुड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे ‘स्प्रे फ्लक्स’ या एका आकड्यात बांधलं. तो ०.१ च्या खाली असला आणि थेंब लवकर जिरत असला, तर साधारणपणे एका थेंबाची एकच गाठ होते.

इम्पेलर (पावडर ढवळणारं मोठं पातं) हळू असेल तर पावडर नुसती वर-खाली उसळते, वरचा थर वरच राहतो. वेग वाढला की तिला दोरासारखा पीळ पडतो आणि वरची पावडर आत जाते. हा पीळ दिसल्याशिवाय बाईंडर सुरू करू नका.

५ ते १० टक्क्यांची स्टार्च पेस्ट दाट असते, तिचा फवारा होत नाही. ती मोडायचं काम इम्पेलर आणि चॉपरलाच करायचं आहे, म्हणून पेस्ट जात असतानाच चॉपर चालू हवा आणि धार बारीक हवी. शिजवताना उडालेलं पाणी वजन करून भरून काढा. माझ्या पहिल्या कारखान्यात हे कोणी करत नसे. दर पाळीला पेस्ट वेगळी, आणि आम्ही मशीनला दोष देत होतो.

प्रश्न : पीव्हीपी के-३० (पाण्यात विरघळणारं बाईंडर) कोरडंच मिसळून वर पाणी घातलं तर चालेल?

उत्तर : चालतं. द्रावण करायचं काम वाचतं. पण ते विरघळायला वेळ आणि पाणी दोन्ही लागतं, त्यामुळे तेवढ्याच घट्टपणासाठी बहुधा बाईंडर जास्त लागतं. बाईंडरचं प्रमाण कमी असेल तर मी द्रावणच निवडेन.

प्रश्न : पाणी तेवढंच, तरी अँपिअर (इम्पेलरच्या मोटरचा करंट, म्हणजे तिच्यावरचा लोड) दर बॅचला वेगळे येतात. कशावर थांबायचं?

उत्तर : आधी लॅक्टोजचा (गोळीत भर म्हणून घातलेल्या पावडरचा) लॉट बदलला का ते पाहा. कण बारीक झाले की तेवढ्याच पाण्यात लोड वेगळा येतो. पोकळ्या भरत आल्या की थोडं जास्तीचं पाणीही दाणे एकदम वाढवतं, म्हणून शेवटचं पाणी सर्वांत हळू घाला. अँपिअर बघाच, पण मूठही वळून बघा : लाडू वळला पाहिजे आणि बोटानं दाबल्यावर स्वच्छ तुटला पाहिजे. हाताला चिकटला तर पाणी जास्त झालं.

प्रश्न : फ्लुइड बेडमध्ये (गरम हवेच्या झोतात पावडर तरंगत ठेवून दाणे करणाऱ्या यंत्रात) बाईंडरचा फवारा बारीक केला, तर दाणेच होईनात.

उत्तर : थेंब पावडरपर्यंत पोचण्याआधीच सुकतो आहे. अॅटमायझिंग हवेचा (द्रवाचे थेंब करणाऱ्या हवेचा) दाब थोडा उतरवा किंवा आत येणाऱ्या हवेचं तापमान कमी करा. दोन्ही एकाच वेळी बदलू नका, नाहीतर बेड (तरंगती पावडर) ओला होऊन बसेल आणि नेमकं कशानं बसला ते कळणार नाही.