प्रार्थनास्थळ नव्हतं, पण शनिवार होता

प्रश्न: आजी सांगायची, अलिबागकडे 'शनवार तेली' असायचे, शनिवारी त्यांचा घाणा बंद म्हणजे बंद. ते बेने इस्राएल ज्यू होते हे मला आत्ता कळलं. पण पूर्वी त्यांच्याकडे प्रार्थनास्थळच नव्हतं म्हणतात, मग धर्म टिकला कसा?
– एक वाचक, पनवेल

उत्तर: आजीचं अगदी बरोबर आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिच्याच बोलण्यात आहे. त्यांच्यात सांगतात की नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या आणि पोथ्या सगळ्या समुद्रात गेल्या. पुढे कितीतरी पिढ्या ना सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) ना हिब्रू, लक्षात राहिली ती 'शमा' ही एक प्रार्थना, मुलांची सुंता, माशाला खवले नि पर असतील तरच खायचा हा नियम आणि शनिवार. त्यांचं पहिलं सिनेगॉग थेट १७९६ साली मुंबईत झालं, सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेलं. म्हणजे जागा फार उशिरा आली, वार मात्र आधीपासून होता, आणि मला विचाराल तर वारानेच त्यांना धरून ठेवलं, कारण वार पाळायला ना जमीन लागते ना पुजारी, शुक्रवारी सूर्य बुडाला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतो आणि शनिवारी रात्री तीन तारे दिसले की सुटतो, बस. घरात काळ्या मनुका भिजवून, कोळून, गाळून सरबत करायचं आणि वाइनऐवजी त्यावरच आशीर्वाद म्हणायचा, हे आजही चालतं.

आणि गावाला यात वावगं काही वाटलं नाही, कारण शंकरासाठी सोमवारी घाणा न जुंपणारे सोमवार तेलीही कोकणात होतेच.

पवित्र जागाही आहे हं त्यांची. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर खुणा आहेत, एलियाहू हनबी म्हणजे एलिया प्रेषिताच्या रथाची चाकं तिथे उमटली अशी श्रद्धा. ज्यू पंचांगातल्या शबात महिन्याच्या पौर्णिमेला, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, लोक तिथे जमतात आणि मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं.

अलिबागचं सिनेगॉग बघायचं असेल तर आधी विचारून जा, डोकं झाका, आणि शनिवारी फोटो काढायला मात्र जाऊ नका.