घरी तुळशीची माळ, कामावर कोंबड्या: नोकरी सोडावी का?

प्रश्न असा आहे: "आमचं घर माळकरी, पिढ्यांची वारी. मला पोल्ट्री कंपनीत फार्म सुपरवायझरची नोकरी लागली आहे, पगार 18 हजार. वडील म्हणतात, माळ तरी काढ नाहीतर नोकरी तरी सोड. काय करू?"

भाऊ, तुमच्या वडिलांचं वाक्य वाचलं आणि माझ्या दादाचा आवाज कानात आला, म्हणून लिहायला बसले. पोल्ट्रीतलं मला बेताचंच कळतं. पण घरचा धर्म एकीकडे ओढतो आणि हातातलं काम दुसरीकडे, हे मी स्वतः भोगलं आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. परतवाड्याच्या वरच्या अंगाला, मेळघाटच्या पायथ्याशी आमची दोनशिक्षकी शाळा. चौथीपर्यंत वर्ग, पट 41, निम्म्याहून जास्त पोरं कोरकू आदिवासी. माझं माहेर मोर्शी तालुक्यात, रिद्धपूरच्या जवळ. घर महानुभाव पंथाचं, आजोबांनी उपदेश घेतलेला. पंचकृष्णांखेरीज, म्हणजे पंथ मानतो त्या पाच अवतारांखेरीज, कुणापुढे हात जोडायचा नाही, देवतेचा प्रसाद तोंडात घालायचा नाही, मांस-मद्याला उंबऱ्याच्या आत जागा नाही. हे सगळं मी आजही पाळते, आणि कुणाला दाखवायला पाळत नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये शासन निर्णय आला की शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं आणि जे खात नाहीत त्यांना केळं किंवा दुसरं फळ. अंड्यामागे 5 रुपये धरले होते. आमच्या गावात थंडीत अंडं 7 रुपयांच्या खाली मिळत नव्हतं. मुख्याध्यापकाचा प्रभार माझ्याकडे, म्हणजे वरचे दोन रुपये माझ्याच पर्समधून. पैशाचं काही नाही हो, शिक्षकाचं ते नेहमीचंच आहे. अडचण दुसरीच होती.

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई विधवा आहेत, मानधन तेव्हा महिन्याला अडीच हजार. गळ्यात तुमच्यासारखीच तुळशीची माळ. मी त्यांना निर्णय वाचून दाखवला तेव्हा त्या चुलीपुढून उठून बाहेर आल्या, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "मॅडम, खिचडी म्हणसान तं शंभर पोट्ट्यांची एकटी करीन. पण अंड्याले हात लावाले सांगू नका जी. लेक आजारी होती तवा घातलेली माळ हाये हे."

मी वर फोन लावला. साहेब म्हणाले, "नाही म्हणते तर दुसरी बाई बघा. आणि ही अंडी काही फळलेली नसतात, त्यात जीव नसतो, शाकाहारीच समजा म्हणावं." ही दोन्ही वाक्यं मला तेव्हाही पटली नाहीत, आजही पटत नाहीत. कोंबडा नसलेल्या शेडमधलं अंडं फळत नाही हे मलाही ठाऊक आहे, विज्ञान मीच शिकवते. पण माझ्या घरात ते चालत नाही म्हणजे नाही. असल्या पळवाटा काढून आपला नेम वाचत नसतो, फक्त तोंड बंद होतं. आणि दुसरी बाई बघणं म्हणजे अडीच हजारावर जगणाऱ्या बाईच्या पोटावर पाय देणं.

मग अंडी मीच उकडली. पहिल्यांदा बुधवारी.

वय 38, आणि तोवर मी अंडं हातात धरलेलं नव्हतं. तीसच्या ट्रेमधलं पहिलं उचललं तेव्हा वाटलं होतं त्याहून हलकं लागलं. एकाला वाळलेली विष्ठा आणि बारीकसं पीस चिकटलेलं. ते नखाने खरवडलं, एकेक धुतलं, मोठ्या गंजात अलगद सोडलं, वर मूठभर मीठ टाकलं, कुणीतरी सांगितलं होतं की मिठाने तडकत नाहीत. तरी चार तडकली आणि पांढरे धागे पाण्यावर तरंगायला लागले. वासाने मळमळलं. बाई खोलीबाहेर भिंतीला टेकून बसल्या होत्या, माझ्याकडे पाहत नव्हत्या. सोलताना कवचाचा तुकडा नखाखाली गेला, तो घरी जाईपर्यंत टोचत होता. घरी आल्यावर डोक्यावरून पाणी घेतलं आणि मगच देवपूजेला बसले. पुढे दर आठवड्याला हाच नेम.

पोरांचं सांगते. कोरकू घरांत कोंबड्या असतात, पण अंडं बाजाराच्या दिवशी विकायला जातं, लेकराच्या ताटात क्वचित येतं. मेळघाटातल्या कुपोषणावर मी वेगळं काय लिहू, पेपरात तुम्ही वाचतच असाल. मी ते वर्गात रोज पाहते, दंडावर पाहते, केसांच्या रंगात पाहते. त्या बुधवारी पहिलीतल्या पोरीने अंडं आधी गालाला लावून धरलं, गरम होतं म्हणून. थंडी होती.

पण मला रात्री झोप लागली नाही ती वेगळ्याच पोरामुळे. चौथीतला मुलगा, घर माळकरी. पालकांनी लिहून दिलेलं, याला केळं द्यावं. त्याने ताट पुढे केलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, मलेही अंडं." मी केळं ठेवलं. तो ताट तसंच धरून उभा राहिला. मागची पोरं ढकलायला लागली तेव्हा बाजूला झाला आणि केळं न खाता दप्तरात टाकलं. मी बरोबर केलं का? त्याच्या घरचा नेम मोडायचा अधिकार मला नाही, असं मी स्वतःला सांगते. माझा नेम मी मोडू शकते, वाकवू शकते, तो माझा आहे. त्याच्या आईबापाचा नेम माझ्या हाताने कसा मोडू? तरी त्याचं ते ताट डोळ्यांपुढून गेलेलं नाही.

आता दादाचं. ऑगस्ट 2024 ची गोकुळाष्टमी. आमच्यात अष्टमी मोठी, सगळे माहेरी जमतात. आरतीचं ताट मी उचललं आणि दादाने सगळ्यांसमोर ते माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाला, "तुझा हात आता या ताटाला चालत नाही." वडील शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. मी आत जाऊन आईच्या पलंगावर बसले, बाहेर आरती सुरू झाली.

नंतर दादाने मला सशाची लीळा, म्हणजे आमच्या चक्रधर स्वामींची गोष्ट, ऐकवली. शिकाऱ्यांच्या तावडीतून सुटलेला ससा स्वामींच्या मांडीखाली लपला आणि स्वामींनी तो शिकाऱ्यांना दिला नाही. शरण आलेल्याला मरण देत नसतात. ही लीळा मी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ऐकली आहे, दादा माझ्यासमोर काय सांगतो? माझ्या शाळेत शरण कोण येतं, ते त्याने एकदा येऊन पाहावं.

आणि दादाचं स्वतःचं कृषी केंद्र आहे. बोंडअळीचं, मावा-तुडतुड्याचं औषध तो वर्षानुवर्षं विकतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा त्याने दुकान एक दिवस तरी बंद ठेवलं का? अळी जीव नाही का? फवारणारा तर माणूस होता. मी हे त्याला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "तो धंदा आहे, धर्मात आणू नको." मग माझी नोकरी तेवढी धर्मात कशी येते? बाईने काम केलं की त्यात धर्म शिरतो आणि पुरुषाने गल्ल्यावर बसून केलं की तो धंदा. हा आमच्या घरातला जुना वाद आहे, मी शाळेत लागले त्या दिवसापासूनचा. दादा हे वाचत असेल तर वाचू दे.

तुम्हाला वाटेल ही बाई सगळ्यालाच हो म्हणते. तसं नाही. मी नाहीही म्हणते. आमच्या केंद्रात, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटात, सत्यनारायण झाला तेव्हा मी गेले, सतरंजी घातली, चहा वाटला, पण प्रसाद घेतला नाही. शाळेत सरस्वतीच्या फोटोला हार घालायला मला बोलावतात, मी घालत नाही. माझे जोडीदार शिक्षक बौद्ध आहेत, त्यांच्या घरात 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा घेतलेले आजोबा होते, बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्या आहेत. तेही हार घालत नाहीत. आमचे दोघांचे रस्ते वेगळे, पण त्या फोटोपुढे आम्ही दोघंही शांत उभे राहतो. सरपंचांना सुरुवातीला खटकलं, आता हार तेच घालतात. मी प्रसाद घेतला नाही म्हणून एकही पोरगं उपाशी राहत नाही, म्हणून तिथे मी हटून बसते. अंडं मी उकडलं नसतं तर पोरांचं गेलं असतं, नाहीतर त्या बाईंचं काम गेलं असतं. तिथे माझा हात विटाळला तर विटाळू दे.

ज्यांना हक्काचं जाणून घ्यायचं त्यांच्यासाठी: मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला होता. प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून शाळा त्यांना धारेवर धरत होती, न्यायालयाने ती सक्ती चूक ठरवली. त्याआधी 1986 मध्ये केरळमधल्या तीन ख्रिस्ती भावंडांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, गात मात्र नसत. त्यांना शाळेतून काढलं होतं, न्यायालयाने परत घ्यायला लावलं. पण हे शाळांचं झालं. खासगी कंपनीत सुपरवायझरने "माझ्या धर्मात बसत नाही" म्हटलं तर कंपनी दुसरा सुपरवायझर आणेल, तिथे राज्यघटनेतलं धर्मस्वातंत्र्याचं कलम 25 दाखवून फार काही हाती लागेल असं मला वाटत नाही.

तुमच्या कामाचं बोलायचं तर आमच्या गावात एकाची कंपनीशी करारावरची शेड आहे, त्याच्याकडून कळलं तेवढं सांगते. सुपरवायझर रोज मेलेल्या पक्ष्यांची नोंद बघतो, खाद्य-पाणी-लसीचा हिशेब घेतो, चाळीसेक दिवसांत पक्षी दोन किलोच्या वर गेला की रात्री गाडी भरून देतो. लंगडी, न वाढणारी पिल्लं वेगळी काढून मारायला लावणं हेही त्याच्याच कामात येतं. तुम्ही कामावर जाण्याआधी हे शेवटचं नीट विचारून घ्या. मान मुरगळणं तुमच्या हाताने करायचं का, की शेडवाला करतो? खाद्य कारखान्यात किंवा हिशेबाच्या टेबलावर जागा आहे का? आणि तुम्ही नाही म्हटलं तर त्याचा भार कुणावर जातो, घरात दुसरी कमाई आहे का? प्रश्नात तुम्ही ते लिहिलेलं नाही आणि माझ्या मते सगळं त्यावरच आहे. माळ मात्र काढू नका. काढायची तर नोकरीसाठी काढू नका.

एक सांगायचं राहिलं. माझी नोकरी कायम आहे, मला नाही म्हणता येतं ते त्यामुळे. तुमची नवी आहे, तेवढं धरून माझं ऐका. आणि जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्याचा निधीच बंद केला, हवं तर व्यवस्थापन समितीने लोकवर्गणीतून द्यावं म्हणाले. आमच्या गावात वर्गणी कोण देणार, मध्ये मध्ये आम्ही दोघं शिक्षक मिळून देतो. बाई आता गंज भरून देतात, गॅस पेटवतात, अंडी मात्र मीच सोडते.

आणि दादाच्या बाजूचं एक. अंडी उकडतेय हे मी माहेरी सांगितलंच नव्हतं. बऱ्याच महिन्यांनी एका पाहुण्याकडून त्याला बाजारात कळलं, चार माणसांसमोर. त्याचा निम्मा राग मी हे लपवल्याचाच होता. तुम्ही वडिलांना लिफ्टिंगचं, म्हणजे पक्षी गाडीत भरून देण्याचं, मान मुरगळण्याचं, सगळं आधी स्वतः सांगा.