पोरगं जोर लावत नाहीये, धरून ठेवतंय

प्रिय बाळा,

काल रात्री तुझा मेसेज आला तेव्हा मी ओपीडी आवरून नुकतीच ताटावर बसले होते म्हणून फक्त अंगठा पाठवला, आज रविवार आहे, लाइट पण आहे, तर निवांत लिहिते. साडेतीन वर्षांचा मुलगा, वजन 14 किलो, चड्डी दिवसातून चार-पाच वेळा खराब, आजी म्हणते "डाक्टरबाई, पोऱ्याले रोज जुलाब व्हतस", आणि आधी तीन ठिकाणी जुलाब थांबवायचं औषध घेऊन झालंय. तू पोटाला हात लावलास आणि डाव्या बाजूला खाली ती गाठ तुला लागली, तिथेच मला तुझं कौतुक वाटलं, कारण आधीच्या तिघांपैकी कोणी पोरगं टेबलवर झोपवलंच नसणार. मग तू लॅक्ट्युलोज, म्हणजे शी मऊ करणारं पातळ औषध, 5 मिली रात्री असं आठ दिवस दिलंस, शी झाली, सगळे खूश, औषध बंद, आणि तीन आठवड्यांनी तेच पोरगं परत दारात. आता तू विचारतेस, मॅडम सोनोग्राफी करू का, बेरियमचा एक्स-रे करू का, की नाशिकला पाठवू.

यातलं काहीच करू नको अजून. तुझं निदान बरोबर आहे, हे जुलाब नाहीत, जुनी बद्धकोष्ठताच आहे आणि ती गाठ म्हणजे साठलेली कडक शी, औषधही चुकीचं नाही, डोस फार कमी पडला आणि दिवस फार कमी पडले, एवढंच झालंय. आणि हे सगळ्यांचंच होतं, माझंही झालंय. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी असाच एक चार वर्षांचा मुलगा यायचा आणि मी महिनाभर त्याला ओआरएस आणि झिंक देत राहिले. त्याची आई रोज सहा चड्ड्या धुवायची. एक दिवस ती बोलली की मॅडम जुलाब आहे तर मग महिन्यातून एकदा एवढी मोठी शी कशी होते की पाणी टाकून पण जात नाही. तेव्हा माझे डोळे उघडले. आतमध्ये दगडासारखा गोळा बसलेला आणि त्याच्या बाजूने वरचं पातळ झिरपतंय, पोराला ते कळतही नाही. त्या आईचं मी महिनाभर नीट ऐकलं असतं तर त्या पोराचा महिना वाचला असता, ते मला अजून लागतं.

म्हणून पहिली गोष्ट, त्या आईला विचार की शी लागली की पोरगं नेमकं करतं काय, आणि शक्य असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढून आणायला सांग. तुला दिसेल, पोरगं खेळता खेळता थांबतं, पलंगाच्या किंवा कोठीच्या मागे जातं, पायाच्या बोटांवर उभं राहतं, मांड्या एकमेकीवर आवळतं, चेहरा लाल, घाम, पलंगाची कड घट्ट धरलेली. घरचे म्हणतात बिचारा किती जोर लावतोय. तो जोर लावतच नाहीये, तो सगळी ताकद लावून शी आत ढकलतोय. कधीतरी एकदा कडक झाली, दुखलं, कदाचित चीर पडली, रक्ताचा थेंब दिसला, आई घाबरली, आणि त्या दिवशी पोराने ठरवलं की हे परत करायचं नाही. मग धरून ठेवलं की आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, शी अजून कडक होते, पुढच्या वेळी अजून दुखतं, आणि मग ते अजून धरतं. असं महिनोन् महिने चाललं की गुदाशय फुगून मोठा होतो, भरल्याची जाणीवच जाते. लहान मुलांच्या जुन्या बद्धकोष्ठतेत शंभरातल्या नव्वदहून जास्त मुलांमध्ये एवढंच असतं, दुसरा कुठला आजार सापडत नाही.

आजीला समजवायला मी काय करते सांगू, आपल्याकडे केळीवाली माणसं जास्त, ठिबकची नळी चोक झाली की आपण काय करतो, टोक उघडून आधी सगळी घाण फ्लश करतो आणि मगच रोजचं पाणी सोडतो ना, तसंच हे. आधी पूर्ण रिकामं करायचं, मग रोज मऊ ठेवायचं. रावेर-यावलकडच्या आजीला हे एका वाक्यात कळतं. तुझ्या शहाद्याकडेही केळी-पपईवाले आहेतच.

आता रिकामं करायचं कसं. पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पेग, शी मऊ करणारी पावडर, किलोमागे दिवसाला 1 ते 1.5 ग्रॅम, 3 ते 6 दिवस. तुझ्या पोराला रोजचे 14 ते 21 ग्रॅम झाले. पाकिटावर लिहिल्याइतक्या पाण्यात कालवायचं आणि दिवसभरात थोडं थोडं पाजायचं, आई म्हणाली एकदम पीत नाही तर चार वेळा दे म्हणावं. आणि हे आधीच, अगदी आधीच सांगून ठेव की पहिले दोन-तीन दिवस चड्डी जास्त खराब होणार, पोटात कळ येणार. नाही सांगितलं तर दुसऱ्या दिवशी औषध बंद, आणि तिसऱ्या दिवशी ते पोरगं पाचव्या डॉक्टरकडे. हिरवी उलटी झाली किंवा पोट फुगून टणक झालं तर मात्र औषध थांबवून ताबडतोब आणायचं, हे कागदावर मराठीत लिहून दे.

एनिमा शक्यतो नको. रिकामं करायला तोही तेवढाच चालतो, पण मी जिथे शिकले तिथे चार जणांनी धरून एनिमा दिलेली एक तीन वर्षांची मुलगी मी पाहिलीय, शी झाली खरी पण पुढे पांढरा कोट दिसला की ती मांड्या आवळायची. ज्या जागेची तिला आधीच भीती तिथेच आपण हात घातला. फॉस्फेटचा एनिमा तर दोन वर्षांखालच्या बाळाला हात लावू नको, क्षारांची गडबड होऊन जीवावर बेततं.

गोळा गेला हे कसं कळणार, तर परत पोटाला हात लावून. तू लावायचा आणि आईचा हात धरून तिलाही लावायला लावायचा, आधी पण आणि नंतर पण. ज्या आईने तो गोळा स्वतःच्या बोटांनी चाचपलाय ती औषध मधेच सोडत नाही, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. सरसकट प्रत्येक पोराचा एक्स-रे काढायची गरज नाही.

खरं काम इथून पुढे. पेग किलोमागे साधारण 0.4 ग्रॅम, म्हणजे त्याला रोजचे 5 ते 6 ग्रॅम. तिथे पेग मिळत नसेल किंवा घरच्यांना परवडत नसेल तर लॅक्ट्युलोज चालेल, पण ते किलोमागे 1 ते 2 ग्रॅम लागतं, 15 मिलीत 10 ग्रॅम असतं, म्हणजे 14 किलोच्या पोराला दिवसाला 20 मिलीच्या पुढेच जावं लागेल. तू दिलेल्या 5 मिलीत साडेतीन ग्रॅमही भरत नाही गं. म्हणून म्हटलं, औषध चुकलं नव्हतं. डोस मग शी बघून कमी-जास्त करायचा. शी कशी हवी तर पिकलेल्या केळासारखी, मऊ आणि अख्खी, रोज किंवा दिवसाआड. जळगाव जिल्ह्यात हे कोणाला फोड करून सांगावं लागत नाही.

आणि किती दिवस, तर कमीत कमी दोन महिने, आणि त्यातला शेवटचा अख्खा महिना एकही तक्रार नको, मग हळूहळू कमी करायचं. बहुतेकांना जास्तच लागतं. पोरगं पॉटवर बसायला शिकत असेल तर शिकून होईपर्यंत औषध काढायचंच नाही. इथे आजी म्हणणार, "सवय लागी जाई". तिला रागावू नको, तिची भीती खरी आहे, तिने गावात रोज जुलाबाच्या गोळ्या घेणारी म्हातारी माणसं बघितलीत. तिला सांग की हे औषध अंगात मुरत नाही, पाणी धरून ठेवतं आणि शीबरोबर बाहेर पडतं. ताणलेलं आतडं परत आपल्या जागी यायला महिने लागतात आणि दुखतं ही भीती पोराच्या मनातून जायला त्याहून जास्त. पोराच्या मनात लागोपाठ कितीतरी वेळा न दुखता शी झाल्याची आठवण जमली पाहिजे, तेव्हा ते मांड्या सोडतं. सहा महिने ते वर्षभरात साधारण निम्मी पोरं औषधाशिवाय बरी होतात, उरलेल्यांना अजून वेळ लागतो, हेही पहिल्याच दिवशी सांग. लवकर बरं होईल असं खोटं आश्वासन देऊ नको.

बसवायचं जेवणानंतर. जेवलं की आतडं आपोआप हलतं, त्याचा फायदा घ्यायचा, सकाळी आणि संध्याकाळी जेवून झाल्यावर पाच मिनिटं, जास्त नाही, मोबाईल हातात न देता. आपल्या संडासाचं भांडं साडेतीन वर्षांच्या पोराला विहिरीसारखं वाटतं, त्यात अंधार, पाल. घरात कमोड असेल तर पाय लोंबकळतात, पायाखाली पाट ठेवायला सांग, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. नाहीतर आपली जुनी पद्धत, आई पाय लांब करून बसते आणि दोन्ही पायांवर पोराला बसवते, त्याच्यासारखं सोपं काही नाही, पोराच्या पाठीला आई असते, त्याला पडायची भीती नसते. शी झाली नाही तरी बसला म्हणून शाबासकी द्यायची. चड्डी खराब झाली म्हणून मारायचं नाही, "घाण्या" म्हणायचं नाही, हे बापाला समोर बसवून सांग, कारण मार बहुतेक तिकडून असतो. पोरगं मुद्दाम करत नाही, त्याला खरंच कळत नाही.

कालनिर्णय प्रत्येक घरात भिंतीवर असतंच, शी झाली त्या दिवशी पोराच्या हाताने टिकली लावायला सांग. महिन्याने ते पान फाडून आण म्हणावं, तुला एका नजरेत सगळं कळेल.

खाण्याचं तू मला एका ओळीत विचारलंस आणि सगळे त्याच्यावरच बोलतात म्हणून थोडंच लिहिते. कळण्याची भाकरी, वरण, पालेभाजी, पपई, पेरू, पिकलेलं केळं, घरातलं साधं जेवण पुरे. चोथ्याची वेगळी पावडर नको, तिने फायदा होतो असं दिसलेलं नाही. पाणी वयाला लागतं तेवढं, एप्रिल-मेत आपल्याकडे पारा 44-45 ला जातो तेव्हा अर्थात जास्त. मी एवढंच विचारते की दूध किती पितो. म्हशीचं दूध दिवसाला लिटरभर, बाटलीने, वर चहा-बिस्किट, आणि जेवत नाही ही तक्रार, असं असेल तर दूध अर्ध्या लिटरवर आण, बाटली बंद, भूक आपोआप लागेल. पण गोळा आत असताना नुसतं पपई खा सांगून पाठवू नको, तिथेच महिने वाया जातात.

शी व्हावी म्हणून गुदद्वारात साबणाची कांडी, विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून, हे घरोघरी चालतं. मी ते प्रेमानेच थांबवते, पण थांबवते. साबणाने आतली त्वचा भाजते, देठाने भीती वाढते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू देऊ नको. आणि फक्त अंगावर पिणारं दोन-चार महिन्यांचं बाळ आठ दिवस शी करत नाही म्हणून आणलं, शी मऊ आहे, बाळ हसतंय, वजन वाढतंय, तर औषध लिहू नको, आईला घरी पाठव.

एका बाबतीत मात्र कधीच घाई करू नको. पहिली काळी शी जन्मल्यावर किती तासांनी झाली हे विचारल्याशिवाय कुठल्याच पोराला साधी बद्धकोष्ठता म्हणायचं नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडून येणाऱ्यांत काहींची बाळंतपणं घरी झालेली असतात, कागद नसतो, दाईला किंवा आजीलाच आठवत असतं, तिला विचार. 48 तासांच्या पुढे गेलं असेल, पहिल्या महिन्यापासूनच त्रास असेल, पोट फुगत असेल, वजन वाढत नसेल तर हर्शस्प्रंग डोक्यात आलाच पाहिजे. त्या आजारात आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात, तो भाग सैल होत नाही, कितीही पेग पाजलं तरी उपयोग नाही, बायॉप्सी आणि ऑपरेशनच लागतं. असं पोरगं सरळ लहान मुलांच्या सर्जनकडे पाठव. पोराला पालथं करून कंबर बघ, मणक्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका आहे का, गुदद्वार जागेवर आहे का, पाय नीट चालतात का. उंची खुंटलेली, पोरगं सुस्त, तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. पेग नीट डोसने तीन महिने देऊनही हलत नसेल तर दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद करून बघता येतं. आणि लघवीचं विचार, वारंवार जळजळ, रात्री अंथरूण ओलं, यातली कितीतरी पोरं पोट साफ झालं की तिथेही सुधारतात.

पुढच्या जूनमध्ये हे पोरगं बालवाडीत जाईल तेव्हा परत बिघडेल, आत्ताच सांगून ठेवते. शाळेच्या संडासात पोरं जात नाहीत, दिवसभर धरतात. म्हणून औषध शाळा सुरू व्हायच्या तोंडावर काढू नको, आणि सकाळी घरूनच बसून जायचं ठरवून दे.

तर उद्या त्यांना फोन करून बोलाव, परत वजन कर, पाठ आणि गुदद्वार बघ, काळ्या शीचं आजीला विचार, आणि यातलं काही नसेल तर पेग सुरू कर. चौथ्या दिवशी त्याच्या पोटाला हात लावून गाठ गेली की नाही ते मला कळव, रात्री साडेनऊनंतर केव्हाही फोन कर, मी जागीच असते.

तुझी मॅडम